एक तार, तीन सेवा आणि मागची खतावणी

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर. काही ज्येष्ठ सभासदांनी ‘हे लिहून द्या, घरी निवांत वाचू’ असा आग्रह धरला, म्हणून स्मरणिकेसाठी तो लिहून काढला आहे.)



समितीने मला विषय दिला तो असा : आपल्या इमारतीत फायबरची तार आली, त्या एका तारेवर फोन, इंटरनेट आणि टीव्ही आला, तर या सगळ्याचा कारभार चालतो कसा, ते सांगा. आता तुम्ही म्हणाल, हा माणूस बँकेत होता, याला फायबरमधलं काय कळणार? पण मंडळी, बँकेत मी पस्तीस वर्षं जे केलं ते म्हणजे काउंटरच्या मागचं काम. लेजर, डे बुक, क्लिअरिंग, सहामाही क्लोजिंग. फायबर कंपनीचा खरा कारभारही काउंटरच्या मागेच चालतो. तो समजून घेताना मला कुठेही परकं वाटलं नाही. शिवाय विषय नुसता ज्ञानाचा नाही. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे याच बाबतीतला एक प्रस्ताव आहे. त्याकडे मी शेवटी येतो.

आधी थोडी जुनी उजळणी. आपली सोसायटी २००० साली नोंदली गेली. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला दूरसंचार खात्याच्या सेवांची बीएसएनएल ही कंपनी झाली. त्याआधीचे दिवस इथल्या अनेकांना आठवत असतील. फोनसाठी अर्ज करायचा आणि वर्षानुवर्षं नंबर लागायची वाट बघायची. घाई असेल तर ‘ओवायटी’मध्ये पैसे भरायचे. पुढे घरात दोन तारा झाल्या : फोनची तांब्याची आणि गच्चीवरून येणारी केबलवाल्याची काळी. मग फोनच्याच तारेवर ब्रॉडबँड आलं. २००४ साली सरकारने ब्रॉडबँडची व्याख्या केली, तेव्हा वेग धरला होता सेकंदाला २५६ किलोबिट. आज आपली नातवंडं १०० मेगाबिटला ‘स्लो आहे’ म्हणतात.

आता आली काचेची तार. तिच्यातला काचेचा तंतू १२५ मायक्रॉन जाडीचा, म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग. काचेतून प्रकाश पाठवून लांबवर बोलणं नेता येईल, हे चार्ल्स काव यांनी १९६६ मध्ये मांडलं आणि त्याबद्दल त्यांना २००९ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. कंपनीच्या केंद्रातून एक तंतू निघतो, आपल्या भागात येऊन एका छोट्या डबीत तो फाटतो आणि बत्तीस, कधी चौसष्ट घरांना जातो. या डबीला वीज लागत नाही. केंद्रातून आलेला प्रकाश या सगळ्या घरांत सारखाच पोचतो. तुमच्या घरातली पेटी त्यातला फक्त तुमच्या नावाचा भाग उचलते. बाकीचा कुलूपबंद असल्यामुळे तिला वाचता येत नाही. टपाल सगळ्या दारांवरून फिरतंय, पण ज्याची किल्ली त्याचंच पाकीट उघडतंय, असं समजा.

या शेवटच्या वाक्यातच पुढचं सगळं आलं. कुठली पेटी कुणाची, तिला काय-काय द्यायचं, आणि त्याचे पैसे किती, हे कुठेतरी लिहून ठेवावं लागतं. तेच मागचं ऑफिस.

समजा, बी विंगमधल्या एका काकूंनी फोन करून सांगितलं, ‘मला तीनही सेवांचा प्लॅन द्या.’ पलीकडचा मुलगा गोड आवाजात ‘हो मॅडम’ म्हणतो. त्या ‘हो’च्या मागे काय-काय घडतं ते बघा. पहिल्यांदा बघायचं, त्या इमारतीत तार आहे का, आणि डबीत मोकळी जागा आहे का. त्याचं वेगळं रजिस्टर. मग ओळखपत्र तपासायचं. आम्ही बँकेत केवायसी म्हणतो, तेच. मग ऑर्डर फुटते आणि तिचे तीन तुकडे होतात. इंटरनेटच्या यंत्रणेला सांगायचं, या पेटीला इतका वेग द्या. फोनच्या यंत्रणेला सांगायचं, हा नंबर या पेटीला लावा. टीव्हीच्या यंत्रणेला सांगायचं, हे-हे चॅनल उघडा. मधे माणूस पाठवून घरात तार ओढायची आणि पेटीचा सिरीयल नंबर केंद्रात नोंदवायचा. हा नंबर नोंदला नाही, तर तार धडधाकट असूनही पेटी मुकी बसते. पेटी बिघडली म्हणून दुसरी आणून लावली आणि नवा नंबर चढवायचा राहिला, की ‘काल नवी पेटी लावली तरी नेट नाही’ अशी तक्रार येते. आपल्याला वाटतं पेटी खराब. पुष्कळदा नोंद राहिलेली असते.

हे तिन्ही चालू झाले, की मगच बिलाचं मीटर सुरू व्हायला हवं. आणि तेही तिथीनुसार. समजा, प्लॅन ८०० रुपयांचा आहे आणि काकूंची जोडणी ३० दिवसांच्या महिन्यात १७ तारखेला झाली. म्हणजे १७ धरून १४ दिवस. पहिलं बिल यायला हवं ३७३ रुपये ३३ पैसे, वर १८ टक्के जीएसटी. पण टीव्ही १७ ला लागला आणि फोन २२ ला, तर? मग प्रत्येक सेवेचा हिशेब वेगळा.

आणि इथेच जोडप्लॅनची खरी गंमत आहे. आपल्याला दिसते एक रक्कम, ८०० रुपये. कंपनीला ती आतल्या आत वाटावी लागते. समजा, ५०० इंटरनेटचे, ५० फोनचे, २५० टीव्हीचे. हे आकडे मी समजावण्यापुरते घेतले आहेत. वाटणी कशासाठी? तर टीव्हीच्या पैशातला हिस्सा चॅनलच्या मालकांना जातो, आणि तो किती घरांत चॅनल चालू आहे यावर ठरतो. घरं कमी दाखवली तर चॅनलवाल्याचं नुकसान, जास्त दाखवली तर कंपनीचं. म्हणून टीव्हीच्या बाबतीत ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, २०१७ च्या नियमांत एक फार शहाणपणाची गोष्ट घालून दिली. टीव्ही देणाऱ्याकडे दोन यंत्रणा असतात. एकीत ग्राहकांची खाती, दुसरीत चॅनलची कुलपं. या दोघींचे आकडे जुळतात का, याचं वर्षातून एकदा ऑडिट व्हायलाच हवं. हे वाचलं आणि मला आमचं जुनं बँलन्सिंग आठवलं. लेजरमधल्या प्रत्येक खात्याच्या शिलकीची बेरीज करायची आणि ती जनरल लेजरच्या आकड्याशी जुळवायची. सात पैशांचा फरक निघाला तरी घरी जायचं नाही. घरची मंडळी म्हणायची, सात पैसे खिशातून भरा आणि या घरी. पण प्रश्न सात पैशांचा नसतो. एका बाजूला शंभर रुपये जास्त आणि दुसऱ्या बाजूला नव्याण्णव रुपये त्र्याण्णव पैसे कमी, असंही त्या सात पैशांच्या पोटात लपलेलं असू शकतं.

आमच्या बँकांतही हे स्थित्यंतर झालं. १९८४ साली डॉ. रंगराजन समितीचा अहवाल आला, मग लेजर पोस्टिंगची यंत्रं आली, आणि पुढे कोअर बँकिंग. तोपर्यंत एकाच माणसाचं बचत खातं एका लेजरमध्ये, कर्ज दुसऱ्यात, लॉकर तिसऱ्यात. त्याने पत्ता बदलला तर तीन ठिकाणी बदलावा लागायचा आणि दोनच ठिकाणी बदलला जायचा. कोअर बँकिंगने एका माणसाला एक ग्राहक क्रमांक दिला आणि सगळी खाती त्याच्याखाली आणली. फायबर कंपन्यांपुढचं कोडंही हेच. फोनची यंत्रणा एका जमान्यातली, इंटरनेटची दुसऱ्या, टीव्हीची तिसऱ्या, आणि या तिघींनी एकाच ग्राहकाला एकाच नावाने ओळखायचं. जिथे ओळखत नाहीत, तिथे त्रास आपल्याला.

याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण हे कुठल्याही कंपनीत होऊ शकतं. दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघांनी ठरवलं, टीव्हीचा भाग नको, इंटरनेट आणि फोन पुरे. रीतसर कळवलं. त्याच दिवशी टीव्हीची पेटी बंद झाली. मनात म्हटलं, वा, काय तत्परता! पण बिलात टीव्हीचे २५० अधिक कर, असे २९५ रुपये येतच राहिले. एक महिना, दोन महिने, तीन महिने. ८८५ रुपये. फोन केला की समोरची मुलगी म्हणायची, ‘सर, माझ्या स्क्रीनवर तुमचा टीव्ही बंद दिसतोय.’ ती खोटं बोलत नव्हती. तिच्या स्क्रीनवर तो बंदच होता. बिल करणाऱ्या यंत्रणेला मात्र कुणी कळवलंच नव्हतं. कुलूप लावणाऱ्याने कुलूप लावलं, पण भाडं वसूल करणाऱ्याला खोली रिकामी झाल्याचा निरोप गेला नाही.

घरात मला ऐकवलं गेलं, ८८५ रुपयांसाठी एवढी डोकेफोड कशाला? पण मी पाठपुरावा केला. तक्रारीचा डॉकेट नंबर घेतला, तीन बिलांच्या प्रती जोडल्या, टीव्ही बंद केल्याचा मेसेज जोडला. पहिल्या पायरीवर उत्तर मिळालं ते ‘तक्रार निकाली’ एवढंच. मग कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे लेखी अपील केलं. पुढच्या बिलात पूर्ण रक्कम वळती झाली. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. पुष्कळांना वाटतं, ट्रायला पत्र टाकलं की काम होईल. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. तिने २०१२ च्या नियमांनी दोन पायऱ्या ठरवून दिल्या आहेत : आधी कंपनीचं तक्रार केंद्र, नंतर कंपनीचाच अपील अधिकारी. डॉकेट नंबर नसेल तर दुसऱ्या पायरीवर पाऊलच ठेवता येत नाही. म्हणून आमच्या ज्येष्ठांना माझं सांगणं आहे, फोनवर कितीही गोड बोललं कुणी, तरी नंबर लिहून घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. कॅलेंडरवर लिहा, दुधाच्या हिशेबाशेजारी लिहा, पण लिहा.

उलटी चूकही होते, बरं का. सेवा चालू आणि बिलच नाही. ग्राहक खूश, कंपनीचं नुकसान. बँकेत सस्पेन्स खात्यात अशा नोंदी साचत जात आणि एक दिवस इन्स्पेक्शनवाला येऊन त्या उकरून काढी. फायबर कंपन्यांतही या गळतीमागे लागणारी माणसं असतात. दिलेली सेवा एका यादीत, बिलं दुसऱ्या यादीत, आणि रोज दोन्ही जुळवायच्या. जी कंपनी हे काम कंटाळा न करता करते, तिची बिलं सरळ येतात.

आता एक परदेशातली गोष्ट सांगतो, कारण ती आपल्या प्रस्तावाशी जोडलेली आहे. अमेरिकेत युटा राज्यात प्रोव्हो नावाचं लाखभर वस्तीचं शहर आहे. तिथल्या नगरपालिकेने २००४ च्या सुमारास सुमारे ३ कोटी ९० लाख डॉलरचं कर्ज काढून घरोघरी फायबर नेलं. राज्याच्या कायद्यामुळे पालिकेला थेट घरांना सेवा विकणं अवघड होतं. म्हणून तार पालिकेची, आणि फोन, इंटरनेट, टीव्ही एकत्र करून विकणार खाजगी कंपन्या, अशी व्यवस्था केली. म्हणजे ग्राहक एकाकडे, तार दुसऱ्याकडे. पहिली विक्रेती कंपनी थोड्याच काळात बाहेर पडली. २००८ मध्ये पालिकेने सगळं जाळं सुमारे ४ कोटी डॉलरला विकलं, पण घेणाऱ्याचे हप्ते थकले आणि जाळं परत पालिकेच्या गळ्यात आलं. शेवटी २०१३ मध्ये ते गूगल कंपनीला दिलं. किती किमतीला? एक डॉलर. कर्ज मात्र पालिकेकडेच राहिलं.

पण मला खरी चटका लावणारी गोष्ट पुढची वाटली. सौदा पुरा करायला जमिनीखालच्या तारा नेमक्या कुठून गेल्या आहेत हे सांगणं भाग होतं, आणि पालिकेकडे त्याची नीट नोंदच नव्हती! ती शोधून काढायला सुमारे ५ लाख डॉलर वेगळे खर्चाला धरावे लागले. मंडळी, स्वतः पुरलेली तार कुठे आहे हे शोधायला ५ लाख, आणि ती विकून आला एक. नोंद नसलेली मालमत्ता ही मालमत्ता राहत नाही, हे बँकेत आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात.

आता येऊ या आपल्या अंगणात. आपल्या चार विंग, ६४ घरं. आज गच्चीवरून आणि शाफ्टमधून कुठल्या-कुठल्या कंपन्यांच्या तारा जातात, हे आपल्यापैकी कोण सांगू शकेल? गेल्या पावसाळ्यात सी विंगच्या शाफ्टचं प्लंबिंग झालं, तेव्हा एक तार तुटली आणि ती कुणाची हे कळायला दोन दिवस गेले. ते दोन दिवस तिसऱ्या मजल्यावरच्या आजींचा फोन बंद होता. त्यांची मुलगी परदेशात. रोज रात्री साडेनऊला व्हिडिओ कॉल येतो. दोन रात्री तो लागला नाही, म्हणून मुलीने शेजारी, वॉचमन, सेक्रेटरी अशा सगळ्यांना फोन केले. आजी ठणठणीत होत्या. पण त्या मुलीच्या दोन रात्री कशा गेल्या असतील, हे ज्यांची मुलं बाहेर आहेत त्यांना सांगायला नको.

दुसरी गोष्ट विजेची. तांब्याच्या तारेत टेलिफोन एक्स्चेंजमधून ४८ व्होल्टची वीज येत असे. म्हणून घरातले दिवे गेले तरी काळा फोन वाजायचा. काचेतून वीज येत नाही. आपली वीज गेली, पेटी बंद पडली, की फोन, इंटरनेट, टीव्ही तिन्ही एका क्षणात गेले. एका तारेत तीन सेवा आणण्याची ही दुसरी बाजू. उपाय महाग नाही. पेटीसाठी छोटा यूपीएस मिळतो, तो तिला काही तास चालवतो. ज्या घरांत ज्येष्ठ एकटे राहतात तिथे तो असलाच पाहिजे असं माझं मत आहे. आणि उशाशी एक चार्ज केलेला साधा मोबाइलही.

आता तो प्रस्ताव. एका कंपनीने समितीला लिहिलं आहे : सोसायटीच्या ऑफिसला आणि सीसीटीव्हीला इंटरनेट फुकट देतो, त्या बदल्यात दहा वर्षं इमारतीत दुसऱ्या कुणालाही तार टाकू द्यायची नाही. वरवर छान दिसतं. वर्षाला सोसायटीचे काही हजार वाचतील. पण हिशेब पूर्ण मांडा. वाचणार सोसायटीचे, आणि बांधली जाणार ६४ घरं. त्या कंपनीची बिलं चुकायला लागली, तर ‘मी दुसऱ्याकडे जातो’ हे आपलं एकमेव हत्यार दहा वर्षं म्यानात. आपल्याकडे मोबाइलचा नंबर कंपनी बदलली तरी तोच ठेवता येतो, लँडलाइनला ती सोय नाही. तेव्हा आधीच सोडताना नंबर जातो, त्यात सोडायला दुसरी वाटही ठेवायची नाही, हे मला पटत नाही. ट्रायने २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये इमारतींना डिजिटल जोडणीबद्दल मानांकन देण्याचे नियम काढले आहेत. म्हणजे नळ आणि वीज यांच्यासारखीच इमारतीतली चांगली जोडणी ही घराच्या किमतीचा भाग होऊ पाहते आहे. अशा वेळी आपण आपलं दार एकाच्या हातात देऊ नये.

म्हणून सभेपुढे माझ्या चार सूचना आहेत. एक : कुणालाही एकट्याला हक्क देऊ नका. निदान दोन कंपन्यांना जागा द्या. दोन : तारांचं रजिस्टर करा. विंग, मजला, कंपनी, तार कुठून शिरते, डबी कुठे आहे, तक्रारीसाठी कुणाशी बोलायचं. प्रत्येक तारेला बिल्ला लावल्याशिवाय शाफ्टची किल्ली द्यायची नाही. हे रजिस्टर दर वर्षी प्रत्यक्ष तारांशी पडताळायचं, आम्ही कॅश मोजायचो तसं. तीन : जिन्यातल्या आणि शाफ्टमधल्या डब्यांना सोसायटीच्या इन्व्हर्टरची गरज आहे का ते कंपनीकडून लेखी घ्या. चार : कराराला मुदत तीन वर्षांपेक्षा जास्त नको, आणि कंपनी गेली तर तारा कोण काढणार हे त्यात स्पष्ट हवं. नाहीतर मेलेल्या तारांचं जाळं आपल्याच शाफ्टमध्ये लोंबत राहतं.

रजिस्टर कोण करणार, असं सेक्रेटरीसाहेब विचारतील. ते काम मी घेतो. पण गच्चीवर चढायला आणि शाफ्टमध्ये डोकवायला तरुण पाय लागतील. ए विंगमधली दोन इंजिनिअरिंगची मुलं तयार झाली आहेत, त्यांचे इथेच आभार मानतो. पुढच्या रविवारी सकाळी आठला आम्ही ए विंगपासून सुरुवात करणार आहोत. ज्यांच्या घरी तारांचे जुने कागद, जोडणीच्या पावत्या असतील त्यांनी त्या ऑफिसमध्ये आणून द्याव्यात. झेरॉक्स काढून मूळ कागद परत देऊ.

सोसायटीची पंचवीस वर्षं पार पडली, त्यात सभेचे इतिवृत्त, पावतीपुस्तक आणि आयजे रजिस्टर प्रामाणिकपणे लिहिणाऱ्यांचा वाटा मोठा आहे. त्यांची नावं टाळ्यांच्या गजरात घेतली जात नाहीत. आज ती आपण मनात घेऊ या.  बाहेर मसालेभात आणि जिलेबी वाट बघते आहे, तेव्हा थांबतो.